आधी खाली बस, मग देते

मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. पुण्यात हा धंदा कधी मंदावत नाही. चाळिशी उलटलेल्या, नवऱ्याने 'तुला नाही जमायचं' असं सांगून ठेवलेल्या बायका माझ्याकडे येतात आणि पहिल्या दिवशी सगळ्या जणी एकच चूक करतात. पुढच्या चाकाकडे बघतात. मी ओरडते, "अहो, चाक कुठं पळून जात नाही, समोर बघा." तोल या विषयावर मी आजवर इतकी बडबड केली आहे की माझ्या नवऱ्याला, महेशला, ती तोंडपाठ आहे.

अशा बाईचा तोल गेला. रागाने जातो तसा नाही, तो तर रोजच जायचा. कानाच्या आतला गेला. मला उभं राहता येईना, मान वळवता येईना, आणि घरात आठ महिन्यांची मुलगी. तिचं नाव जुई.

आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, हे लिहून काढा, नव्याने येणाऱ्यांना वाचायला देता येईल. तर नव्याने येणाऱ्यांनो, चक्कर थांबते. लाज थांबायला जास्त वेळ लागतो आणि तिच्यावर गोळी मिळत नाही. म्हणून मी इथे बहुतेक लाजेबद्दलच लिहिणार आहे. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील.

पहिला दिवस

सकाळी धायरीच्या मैदानावर मी एका बाईंची गाडी मागून धरून चालत होते. एकदम सगळं मैदान डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं आणि थांबेचना. मी गाडी सोडून दिली. बाई पुढे गेल्या, सरळ, कुणीही न धरता, आणि आनंदाने ओरडल्या, "मॅडम, जमलं हो मला." त्यांना वाटलं मी मुद्दाम सोडलं. मी तेव्हा मातीत ओणवी होऊन ओकत होते.

महेशचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा आहे, तो पहाटेच घराबाहेर पडतो. त्यामुळे दोन रिक्षावाल्यांनी मला उचललं आणि थेट घरी आणलं. दवाखान्यात नेलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. आमची गल्ली म्हणजे सगळी भावकी. गाव महापालिकेत गेलं, शेतांवर इमारती आल्या, पण कुणाच्या घरी काय शिजतं ते अजून सगळ्यांना कळतं. रिक्षापासून दारापर्यंतचं अंतर ते केवढं. तेवढ्यात माझे पाय दोन दिशांना गेले, ओढणी मातीत लोळली, कुर्त्यावर ओकारी. समोरच्या ओट्यावर चुलत सासरे पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

दुपारी मला हॉस्पिटलात दाखल केलं. संध्याकाळी बघायला येणाऱ्यांबरोबर शहाळ्याच्या आधी बातमी आली होती: पेठेतली सून सकाळी सकाळीच पिऊन आली. माझं माहेर नारायण पेठेतलं, त्यामुळे गल्लीत मी अजून 'पेठेतली'च आहे.

तपासायला आलेला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने महेशला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घेतात का काही?"

महेश म्हणाला, "चहा."

एरवी त्याला विनोद जमत नाहीत. मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकू सगळं येत होतं.

वॉर्डात

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि माझी बुबुळं आपोआप एका बाजूला धक्के खात सरकतात ते महेशला आणि माझ्या सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही कानांच्या आत तोल कळवणारी सोय असते. यांच्या उजव्या बाजूच्या नसेला सूज आलीय. डावी बाजू बोलतेय, उजवी गप्प बसलीय. मेंदूला वाटतंय, बाई गरगर फिरताहेत."

"बरी होईल ना?" महेशने विचारलं.

"नस कितपत सुधारेल ते आज नाही सांगता येत. पण मेंदू नव्यानं शिकतो. चार दिवस गोळ्या, मग उठायचं, चालायचं, मान हलवायची. चक्कर आली तरी."

हे शेवटचं आम्ही तिघांनीही ऐकलं. घरी जाताना तिघांनीही ते तिथेच ठेवलं.

वॉर्डातले दिवस मला बेडपॅनमुळे लक्षात आहेत. बसायला गेलं की खोली फिरायची, त्यामुळे सगळं पलंगावरच. चौतीस वर्षांची धडधाकट बाई, हाताला धरून दुसऱ्यांना उभं करणारी, आणि हे. पहिल्या दिवशी मी रडले. आयाबाई पॅन ठेवून झाला की दर वेळी माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या आणि पार्किंगमधल्या गाड्यांना मोठमोठ्याने नावं ठेवायच्या. "ही लाल बघा, कशी आडवी लावलीय." त्या आवाजात माझं काम उरकायचं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

औषधं चालू असेपर्यंत जुईला अंगावर पाजायचं नाही असं सांगितलं होतं. चार दिवसांचाच प्रश्न होता. पण चार दिवसांनी तिने तोंड फिरवलं. तिला वाटी-चमचा आवडला होता.

दुसरं बाळंतपण

आजाराचं निदान आत्यांनी स्वतःपुरतं करून टाकलं. "डोकं फिरतंय म्हंजी अंगात कस न्हाई. पहिल्या बाळंतपणात लवकर उठलीस, त्याचं हाय हे." मग माझं दुसरं बाळंतपण सुरू झालं, फक्त बाळ सोडून. कानाला स्कार्फ, ओव्याचा शेक, डिंकाचे लाडू, मागची खोली, खिडकीला जाड चादर. "पडून ऱ्हा. हलू नगंस."

यात आत्यांचा दोष काढायला मी बसलेली नाही. मला ते आवडलं. पडून राहिलं की कुणी मला चालताना बघत नव्हतं. चार दिवसांच्या गोळ्या मी दोन महिने घेतल्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला जुनी पट्टी बघून नवी पट्टी द्यायचा, कुणी काही विचारायचं नाही. गोळी घेतली की डोकं बधिर व्हायचं आणि मला ते बरं होणं वाटायचं.

शिकाऊ बायकांचे फोन यायचे. मी सांगायचे, पाय मुरगळलाय. पाय मुरगळणं हा पुण्यात प्रतिष्ठित आजार आहे. त्यावर लोक 'काळजी घ्या' म्हणतात. चक्कर येते म्हटलं की आधी 'काय, गोड बातमी का' विचारतात आणि नाही म्हटलं की आवाज उतरतो.

जुई रांगत घरभर फिरायला लागली. तिच्यामागे धावणं आत्यांच्या गुडघ्यांना झेपेना आणि मला तर प्रश्नच नव्हता. मीच महेशला सांगितलं, तो चाकांचा वॉकर आण. आणला. जुई त्यात उभी राहून बोटांच्या टोकांवर घरभर गाडी पळवायची. कुठं पडणं नाही, आपटणं नाही. मी अंधाऱ्या खोलीत पडून चाकांचा आवाज ऐकायचे आणि स्वतःला सांगायचे की माझं मुलीकडे लक्ष आहे.

एका दुपारी माझ्याच खोलीत झोपलेली ती रडत उठली. आत्या मागच्या अंगणात होत्या. मी उठले, तिला उचललं, आणि लाइट गेली. खिडकीला चादर होतीच. अंधार झाल्याबरोबर माझ्या पायाखाली जमीनच उरली नाही. मी कपाटावर आदळले. जुईला काही लागलं नाही, माझा खांदा मध्ये होता. पण आवाज मोठा झाला. आत्या धावत आल्या, त्यांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं, ओढूनच, आणि मग मला विचारलं, "लागलं का गं?"

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. कुणी तो बोलून दाखवला नाही. मी हात पुढे केले की आत्या म्हणायच्या, "आधी खाली बस, मग देते." प्रेमाने म्हणायच्या. महेशही तसंच करायला लागला. मी जमिनीवर बसायचे, मग माझी मुलगी माझ्या मांडीत ठेवली जायची. लोक आजारी माणसाच्या मांडीत बाळ ठेवून फोटो काढतात ना, तसं. मला त्याची इतकी लाज वाटायची की पुढे पुढे मी हात पुढे करणंच सोडलं. जुईलाही ते कळलं असावं. तीही माझ्याकडे हात करेनाशी झाली.

मॅडम

खांद्याच्या निमित्ताने महेश मला परत हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि विचारलं, "हे अजून चालू आहे?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एका फिजिओथेरपी मॅडमचं नाव सांगितलं. त्यांचं क्लिनिक माझ्या आईच्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ होतं.

मॅडमनी मला एका जाड स्पंजच्या गादीवर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी लगेच त्यांच्या अंगावर पडले. त्या म्हणाल्या, "छान. परत."

तिसऱ्यांदा पडल्यावर मी म्हटलं, "मला लाज वाटतेय."

"घरी लहान मूल आहे ना? ते पडल्यावर लाजतं का?"

मग त्यांनी जुईबद्दल विचारलं आणि तोल कसा येतो ते मला समजावलं. मला, जी स्वतः तोल शिकवते. बाळ आधी मान धरतं, कारण डोकं स्थिर झाल्याशिवाय डोळे स्थिर होत नाहीत. मग बसतं आणि पुढे कलंडतं, तेव्हा हात पुढे टाकायला शिकतं. मग बाजूला, आणि सगळ्यात शेवटी मागे. कान, डोळे आणि तळपाय या तिघांच्या बातम्या जुळवत जुळवत उभं राहतं. पहिली पावलं टाकताना पाय फाकलेले आणि दोन्ही हात खांद्याच्या वर, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. पाऊल पक्कं होत जातं तसे हात खाली येतात. वळायला, खाली वाकून वस्तू उचलायला त्यानंतर कुठे जमतं, आणि या सगळ्यात कित्येक आठवडे जातात.

"पडल्याशिवाय यातलं काहीही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची मुलगी कुठवर आलीय?"

"वॉकरमध्ये असते," मी म्हटलं.

मॅडमनी गोळ्या आणि वॉकर एकाच दमात बंद केले.

नारायण पेठेत

रोज धायरीहून जाणं-येणं मला शक्य नव्हतं. रिक्षातल्या वळणांनीच मी अर्धमेली व्हायचे. म्हणून दीडेक महिना मी आईकडे राहायला गेले. जुईला नेलं नाही. आईचं वय झालंय, तिला रांगतं मूल झेपलं नसतं, हे कारण खरं होतं. दुसरंही एक कारण होतं. पडायचंच आहे तर जुईसमोर नको, असं मला वाटत होतं. आई म्हणवणारी बाई अकरा महिन्यांचं लेकरू सोडून माहेरी जाते, हे गल्लीत काय रंगलं असेल ते मी डोळ्यांसमोर आणायचं टाळलं.

निघताना मी आत्यांना म्हटलं, "तिचं पहिलं पाऊल मला बघायचंय. उभं राहून बघायचंय. एवढं एकच मागते."

आत्या म्हणाल्या, "पोरगी काय मला इचारून चालनार हाय का?" आणि पाठ फिरवून आत गेल्या.

माझी आई फार बोलत नाही. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "पडायचं असेल तर बाहेरच्या खोलीत पड. स्वयंपाकघरात कढई असते." त्यानंतर मी पडले की ती पेपरमधून डोकंही वर काढायची नाही. हळूहळू मला ते फार बरं वाटायला लागलं.

दिवसा गल्लीतून चालायचं, चालताना मान डावीकडे उजवीकडे फिरवायची, हा अभ्यास होता. भर पेठेत. मी भेलकांडत, दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखी मान फिरवत जायचे. एका दुकानदाराने चौथ्या दिवशी विचारलं, "ताई, रोज काय शोधता?" मी म्हटलं, "तोल." तो म्हणाला, "आपल्याकडे नाही येत तो माल." मी परत येऊन आईला सांगितलं आणि दोघी हसलो. आजार सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदा हसत होते.

रविवारी महेश जुईला घेऊन यायचा. ती सारखी त्याच्या कडेवर. "खाली सोड की तिला," मी म्हणायचे. तर फरशी गार आहे, नाही तर ती झोपाळलीय, नाही तर तिच्या पायाला काहीतरी चावलंय. मी बसायचे, तो तिला माझ्या मांडीत द्यायचा आणि ती उतरायला धडपडली की लगेच उचलून घ्यायचा. मला वाटायचं, त्याचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. एका रविवारी मी ते बोललेही. तो तसाच जुईला घेऊन निघून गेला. मी रात्रभर जळफळले.

परत

मी धायरीला परतले ते स्वतःच्या पायांवर. रिक्षातून उतरले आणि भिंतीला हात न लावता दारापर्यंत आले. चुलत सासऱ्यांनी ओट्यावरून बघितलं. मी त्यांना नमस्कार केला.

आत सगळे जमले होते. महेश, आत्या, शेजारच्या दोन जावा. जुई दिवाणाला धरून उभी. आत्या म्हणाल्या, "आगं, आली बग तुजी आई. जा तिच्याकडं." आणि जुईने हात सोडले.

ती चालली. जावांनी "अगंबाई, चालली की" म्हणून टाळ्या पिटल्या. महेश म्हणाला, "पहिल्यांदाच." आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुज्यासाठीच थांबली हुती बग."

जुईचे दोन्ही हात खाली होते. चालता चालता ती मध्येच वळली, जमिनीवरचा चमचा वाकून उचलला, सरळ झाली आणि पुन्हा माझ्या दिशेने निघाली.

मी जावांकडे पाहिलं, महेशकडे पाहिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, जुईकडे कुणीच नाही. कडेवरचे ते सगळे रविवार मला एकदम उमगले. महिनाभर माझी मुलगी घरभर चालत होती, आणि मी एक गोष्ट मागितली होती म्हणून अख्खी भावकी तोंड मिटून बसली होती. मला आधी राग आला आणि लगेच लाज वाटली. आजवर वाटली नव्हती एवढी. माझ्याबद्दल काहीबाही बोलणारी माणसं मला सोसली होती. माझ्यासाठी इतकं जीव लावून खोटं बोलणारी माणसं सोसवेनात. आणि महेशला मी काय काय बोलले होते.

मी टाळ्या वाजवल्या. "पहिलं पाऊल," मी म्हटलं. जुई येऊन माझ्या पायांना धडकली. मी तशीच उभ्याने वाकले आणि तिला उचललं. 'आधी खाली बस' असं कुणी म्हणालं नाही. आत्यांचा एक हात माझ्या पाठीमागे होता, पण तो माझ्या अंगाला लागला नाही.

गूळपापडी

आमच्या सासरी पोर चालायला लागलं की गल्लीत घरोघरी गूळपापडीच्या वड्या वाटायची रीत आहे. आणि वाटायच्या त्या आईनेच. आत्यांनी ताट आधीच भरून ठेवलं होतं. "महेश जाईल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मी जाते."

दोन्ही हातांत ताट धरलं की भिंतीला धरता येत नाही. मी पाय थोडे फाकून, सावकाश, समोर बघत निघाले. दर दारात कुणीतरी वडी उचलायचं आणि म्हणायचं, "अगंबाई, चालायला लागली? कधी?" चुलत सासरेही म्हणाले, "वा वा. आजच?" इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही पाहिलेलं नाही. मी प्रत्येकाला सांगत होते, "हो, आजच." माझे कान लाल झाले होते आणि पाय थरथरत होते. यातलं किती आजारामुळे होतं ते मला सांगता येणार नाही.

शेवटचं घर महेशच्या चुलत आजीचं. त्यांना गल्लीतल्या कटात घेतलं नव्हतं किंवा घेतलेलं त्या विसरल्या होत्या. त्यांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गेल्या म्हैन्यात दिली की गं तुज्या सासूनं. पोरीच्या पावलाची. परत कशाची?"

मी म्हटलं, "आजी, ती जुईची होती. ही माझी."

म्हातारीने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"मग दोन दे," त्या म्हणाल्या.